भाकरीला दोरी

आपल्या शब्बाथशाळेच्या मोठ्या वर्गातील मुलांना बाहेरच्या जगात कधी ना कधी एक प्रश्न ऐकावा लागतो. "तुमचे पणजोबा दुष्काळात भाकरीसाठी ख्रिस्ती झाले ना?" विचारणारा बहुधा वैरी नसतो. तो बाकावर शेजारी बसणारा मित्रच असतो आणि त्याने हे घरी ऐकलेले असते. मूल ते ऐकून गप्प होते. एखादे धीट मूल शब्बाथशाळेत येऊन शिक्षकाला विचारते, आणि शिक्षक बहुतेक वेळा विषय बदलतो. आमच्या कमठाण्याकडे कानडी, मराठी, उर्दू आणि तेलुगू या चारही भाषा कानांवर पडतात. हा टोमणा मी यांपैकी तीन भाषांतून ऐकला आहे. चौथी मला नीट येत नाही, एवढाच काय तो दिलासा.

विषय बदलणे मला बरोबर वाटत नाही. त्या प्रश्नाच्या पोटात एक खरा नैतिक प्रश्न आहे आणि तो आपण स्वतःला विचारला पाहिजे. भुकेने, पुराने, भूकंपाने किंवा लढाईने घरादारावेगळा झालेला मनुष्य आपल्या दारी येतो, तेव्हा त्याला दिलेल्या भाकरीच्या मोबदल्यात त्याच्याकडून काही मागण्याचा आपल्याला हक्क आहे काय? धर्म नको, निदान कृतज्ञता? तीही नको, निदान एक छायाचित्र? अशा लोकांसाठी जी लहानसहान सेवामंडळे निघतात त्यांच्या अहवालांत धान्याचे क्विंटल आणि पांघरुणांची संख्या असते. देणाऱ्याच्या हातात भाकरी होती की भाकरीला बांधलेली दोरी होती, हे मात्र त्या आकड्यांवरून समजत नाही.

आपल्या मराठी मंडळ्यांना याबाबतीत सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे केडगावचे मुक्ती मिशन. पंडिता रमाबाईंचे चरित्र आपण मुलांना शिकवतो. पण ते बहुधा संस्कृतच्या पांडित्यापासून सुरू होते आणि बायबलच्या भाषांतरापाशी संपते. मधली भाकरी राहून जाते. तीच सांगण्याचा माझा विचार आहे, आणि तीही आपल्या या सीमाभागाच्या अगदी शेजारची.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत गावोगाव फिरत आणि त्यावर कुटुंबाचा निर्वाह होई. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळाने जोर धरला, तेव्हा पुराण ऐकायला लोक उरले नाहीत आणि दक्षिणा द्यायला पैसा उरला नाही. होते नव्हते ते विकून झाले. शास्त्रीबुवांच्या घराण्याला भीक मागणे ठाऊक नव्हते आणि मजुरीही येत नव्हती. अकरा दिवस पाणी, पाला आणि रानातले थोडे खजूर एवढ्यावर या कुटुंबाने काढल्याचे रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे. वडील त्याच हालांत गेले. उरलेली माणसे रायचूरला आली. रायचूर म्हणजे काही परमुलूख नव्हे. आज कलबुर्गीच्या दक्षिणेला यादगीर ओलांडले की रायचूर लागते, आणि त्या वेळी ही सगळीच निजामाची हद्द होती.

रायचूरला आई लक्ष्मीबाई तापाने आणि उपासमारीने अंथरुणाला खिळल्या. एके दिवशी भूक अगदीच सोसवेना, तेव्हा त्यांनी सोळा वर्षांच्या मुलीला शेजारच्या घरी बाजरीच्या भाकरीचा एक तुकडा मागायला पाठवले. मुलगी गेली, पण तोंडातून शब्द फुटेना. शेजारीण प्रेमाने बोलू लागली. डोळ्यांतले पाणी तिला दिसू नये म्हणून मुलगी जिवाचा आटापिटा करत होती, पण चेहरा लपेना. त्या बाईने काय ते ओळखले आणि आपण होऊन विचारले, काही खायला हवे का. तेव्हा कुठे मुलीला हो म्हणता आले. भाकरीचा तुकडा मिळाला. आभाराचा शब्दही न बोलता ती धावत आईकडे गेली. आईला तो खाण्याची शक्ती राहिली नव्हती. थोड्याच दिवसांत त्या वारल्या आणि त्यांना स्मशानात नेताना रमाबाई व भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर खांदा द्यायला दोन ब्राह्मण आले. त्यांची नावे रमाबाईंच्या लिखाणात नाहीत. त्या शेजारणीचेही नाव नाही.

या प्रसंगावर प्रवचनात नेहमी आईच्या मरणाविषयी बोलले जाते. मला त्या शेजारणीविषयी बोलावेसे वाटते. तिने तीन गोष्टी केल्या. तिने पाहिले. मागण्याची पाळी येऊ न देता तिने स्वतः विचारले. आणि दिल्यावर आभाराची वाट पाहिली नाही, कारण मुलगी तोपर्यंत अंगणाबाहेर पडलीही होती. तुकडा आईच्या पोटात गेला नाही, म्हणजे व्यवहाराच्या हिशेबाने ही मदत फुकट गेली. पण ज्या मुलीच्या हातात तो पडला, तिने बावीस-तेवीस वर्षांनी काय केले ते पाहा.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. तेव्हा रमाबाई पुण्यात होत्या. कलकत्त्याची पंडिता ही पदवी, लग्न आणि वैधव्य, इंग्लंडमध्ये १८८३ साली झालेला बाप्तिस्मा, अमेरिकेचा दौरा, १८८९ साली मुंबईत काढलेले व पुढे पुण्यास हलवलेले शारदासदन हे सर्व मागे पडले होते. हाताशी होते ते विधवांसाठी चालवलेले एक घर आणि केडगावला नुकतीच घेतलेली थोडी जमीन. त्या जमिनीत फळबाग करून संस्थेचा खर्च भागवावा असा त्यांचा विचार होता. दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा पैसे नव्हते, जागा नव्हती, माणसेही नव्हती. तरी त्या निघाल्या. सरकारी मदतकेंद्रे त्यांनी स्वतः हिंडून पाहिली. भुकेल्या मुलींना भाकरीचे आमिष दाखवून नेणारी माणसे त्या केंद्रांच्या भोवती घिरट्या घालत आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. सरकारी अधिकाऱ्याला ती दिसत नव्हती, कारण तो भुकेल्यांची डोकी मोजत होता. रमाबाईंना ती दिसली, कारण त्या स्वतः एकदा तशाच रस्त्याने चालल्या होत्या.

त्यांनी मुली आणल्या आणि इकडे पुण्यात प्लेग आला. दुष्काळातून आणलेल्या मुलींना शहरात ठेवण्याची परवानगी मिळेना. तेव्हा केडगावच्या उघड्या माळावर तंबू आणि गवती झोपड्या उभारून त्यांना तेथे नेले. मुक्तिसदन उभे राहिले ते असे. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा रमाबाईंनी आपल्याकडे आश्रयाला येऊन पुढे कामाला उभ्या राहिलेल्या स्त्रियांना तिकडे पाठवले आणि त्या हजाराहून अधिक मुली-बायका घेऊन आल्या. केडगावची वस्ती त्या सुमारास दोन हजारांच्या घरात गेली.

संस्थेमागची माणसे कोण, असे विचारले की आपण रमाबाईंचे, त्यांची कन्या मनोरमा यांचे आणि अमेरिकेहून येऊन १८९८ पासून केडगावी राबलेल्या मिनी एब्रम्स यांचे नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. परंतु दोन हजार माणसांचे जेवण तीन माणसे रांधू शकत नाहीत. दळणारे हात, विणणारे हात, तेल गाळणारे, गाईंचे दूध काढणारे, आंधळ्या बहिणीला बोटांनी वाचायला शिकवणारे हात त्या आणलेल्या मुलींचेच होते. पुढे रमाबाईंनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले आणि केडगावच्याच छापखान्यात त्याचे खिळे याच स्त्रियांनी जुळवले. रमाबाई १९२२ साली गेल्या आणि संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात छापून बाहेर पडले. भाकरी घेणारा हात काही वर्षांत भाकरी देणारा झाला, आणि तसे व्हावे अशीच तेथील व्यवस्था होती. माझ्या मते मुक्तीच्या कामाचे मर्म येथे आहे.

आता अवघड भागाकडे वळू. मुक्तीच्या भाकरीला दोरी होती काय?

विरोधकांचे म्हणणे स्पष्ट होते. शारदासदनात मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो म्हणून १८९३ साली मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांसारखी थोर माणसे, जी संस्थेच्या सल्लागार मंडळात होती, ती बाहेर पडली आणि बऱ्याच पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की मी कोणाला बोलावीत नाही, पण माझ्या प्रार्थनेच्या खोलीचे दार लावूनही घेणार नाही. मला स्वतःला हे उत्तर शारदासदनाच्या बाबतीत पुरेसे वाटते. तेथे येणाऱ्या विधवांना घर होते, नातलग होते, वाटले तर परत जाता येत होते, आणि किती तरी जणी गेल्याच.

केडगावची गोष्ट निराळी. दुष्काळातून आणलेल्या मुलीला परत जायला गाव उरले नव्हते. अशा जागी दार उघडे असणे आणि दार एकच असणे यांत फरक करणे फार कठीण असते. एकाच्या हाती धान्य असते आणि दुसऱ्याच्या पोटात आग असते, तेव्हा न उच्चारलेली अटही ऐकू येते. तेथे शेकड्यांनी मुलींचे बाप्तिस्मे झाले आणि १९०५ साली मोठे संजीवनही झाले. त्यातील किती जणींनी मनापासून प्रभूला धरले आणि किती जणींनी आपल्याला उचलून आणणाऱ्या आईला धरले, हे अंतःकरणे पारखणाऱ्या देवालाच ठाऊक. आपले पुष्कळ भाऊबंद हा प्रश्नच अविश्वासाचा समजतात. मला तसे वाटत नाही. ज्या रमाबाईंना भाकरीचा तुकडा मागताना शब्द फुटला नव्हता, त्यांना मागणाऱ्याची अवस्था आपल्यापेक्षा अधिक कळत होती. म्हणूनच आणलेल्या मुलीला शक्य तितक्या लवकर चरख्यावर, मागावर, छापखान्यात बसवण्याची त्यांची घाई मला अर्थपूर्ण वाटते. स्वतः मिळवणाऱ्या माणसाला नाही म्हणता येते. नाही म्हणता आले तरच त्याच्या हो ला किंमत.

पवित्र शास्त्रात यासाठी एक फार शहाणी तरतूद आहे. लेवीयच्या १९ व्या अध्यायात शेतकऱ्याला आज्ञा आहे की पीक कापताना शेताचे कानेकोपरे झाडून नेऊ नकोस आणि पडलेला सरवाही वेचू नकोस, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. ही आज्ञा ऐकून शेतकऱ्याने धान्याची रास करून वाटप करावे असे आपल्याला वाटेल. पण शास्त्र तसे सांगत नाही. गरिबाने स्वतः शेतात यावे, आपल्या हाताने वेचावे, आपल्या पदरात बांधावे. मालकाने तेथे उभे राहून मोजायचे नाही. ज्वारीच्या सुगीत सरवा वेचणाऱ्या बायका आपल्या भागात ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे लगेच समजेल. वेचणारी बाई मालकाच्या पाया पडत नाही. ती वाकते ती कणसासाठी.

रूथ ही मवाबी, परकी, सासूबरोबर दुष्काळाच्या फेऱ्यात सापडलेली. बवाज आपल्या कापणाऱ्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम थोडे गळू द्या, आणि तिला धमकावू नका. मुद्दाम गळू देणे हे शब्द शब्बाथशाळेत शिकवताना घाईने ओलांडू नयेत. त्याला सरळ पोते देता आले असते. तो देतो, पण देणे दिसू देत नाही. रायचूरच्या शेजारणीने विचारण्याचे काम आपल्याकडे घेतले, तीच ही जात. आणि लेवीयच्या त्याच अध्यायात पुढे परक्यावर आपल्यासारखी प्रीती करायला सांगितले आहे. कारण काय दिले आहे? तुम्हीही मिसरात परके होता. पुण्य लागेल किंवा तो परका पुढे तुमचा होईल, असे म्हटलेले नाही. मागे जे घडले त्याची आठवण, एवढेच कारण.

दोरी न बांधता देणारे हात केवळ ख्रिस्ती मंडळ्यांतच असतात असे समजायचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत मुलखातून सुटून आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुले, १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत राहिले. त्यांच्या शाळा त्यांच्या भाषेत चालत, उपासना त्यांच्या पद्धतीने होई. कोल्हापूरच्या मातीने त्यांना मराठी होण्याची अट घातली नाही. वृद्ध झालेली ती मुले पुढे अनेक वर्षांनी पुन्हा कोल्हापूर पाहायला आली. आणि आपल्या अगदी पश्चिमेला, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने तेथील सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. आपल्या मंडळ्यांची कासा ही संस्थासुद्धा १९४७ साली फाळणीच्या निर्वासितांसाठीच उभी राहिली होती, आणि ते निर्वासित काही ख्रिस्ती नव्हते. ही गोष्ट आपल्या तरुणांना माहीत नसते. त्यांना सांगावी.

एवढे सांगितल्यावर कोणी म्हणेल, आता तो काळ गेला, आता कोणी धान्य देऊन बाप्तिस्मा मागत नाही. खरे आहे. दोऱ्या बदलल्या आहेत. शिध्याच्या पिशवीवर देणाऱ्याचे नाव छापलेले असते. घेणाऱ्या म्हातारीला पिशवी हातात धरून कॅमेऱ्याकडे पाहायला सांगतात, आणि ती पाहते. मीठ-मिरचीचे मोल म्हणून ती आपला चेहरा देते. हा चेहरा मग गावभर फिरतो. रायचूरच्या त्या मुलीचे अश्रू कोणी टिपून ठेवले असते तर तिला तो तुकडा गिळवला असता काय? हे करण्यात सगळेच पक्ष, सगळेच धर्म आणि आपल्या मंडळ्याही आहेत.

येथे एक आक्षेप मात्र मान्य केला पाहिजे. हिशेब लागतो. देणग्या घेणाऱ्या संस्थेला पावती, सही, अंगठा, प्रसंगी छायाचित्रही ठेवावे लागते, आणि परदेशी पैशाच्या बाबतीत तर १९७६ पासून कायद्याने लागते. लबाडी होऊ नये म्हणून तो हिशेब असावाच. परंतु तो देणाऱ्याला द्यायचा आहे. तो घेणाऱ्याच्या तोंडावर टांगायचे कारण नाही. सहीची वही आतल्या टेबलावर राहू शकते. रांग उन्हातच हवी असे नाही. मदत गावच्या चौकातच वाटावी असेही नाही.

मार्च २०२० चे दिवस आपल्याला आठवतात. कोविडने देशात घेतलेला पहिला बळी कलबुर्गीचा होता, त्यामुळे आपल्या भागात भीती इतरांपेक्षा आधी आली. मग टाळेबंदी झाली आणि मुंबई, पुणे, हैदराबादकडे पोट भरायला गेलेली माणसे मिळेल त्या वाहनाने, नाही मिळाले तर पायी, बीदर-कलबुर्गीकडे परतू लागली. आपल्याच गावची, आपल्याच आडनावाची माणसे, आणि गावात मात्र परकी. शाळांच्या खोल्यांतून त्यांना ठेवले गेले. काही ठिकाणी लोकांनी वाट अडवली. काही ठिकाणी रस्त्याच्या कडेला पाण्याचे रांजण आणि भाकरीचे गाठोडे ठेवून ठेवणारा बाजूला झाला. बाजूला होणे तेव्हा रोगाच्या भयाने होते. पण त्यामुळे नकळत शास्त्राप्रमाणे घडले. घेणाऱ्याने आपल्या हाताने उचलले, आणि कोणी दिले हे त्याला कळले नाही. मत्तयच्या २५ व्या अध्यायात राजाच्या उजवीकडचे लोक आश्चर्याने विचारतात की आम्ही तुला केव्हा पाहिले. त्यांच्याजवळ यादी नव्हती, एवढे तर त्यावरून स्पष्ट होते.

तेव्हा मुलाच्या त्या प्रश्नाला शब्बाथशाळेच्या शिक्षकाने काय उत्तर द्यावे? मी तरी असे देतो. "होय, माझ्या घराण्यात कोणी तरी भाकरीसाठी आले असेल. भूक लागली होती म्हणून आले. भुकेची लाज घेणाऱ्याने बाळगू नये. देणाऱ्याने अट घातली असेल तर तो दोष देणाऱ्याचा, आणि तो देणारा माझ्या धर्माचा असला तरी दोषच. आता मी येथे का आहे, हे मात्र मला विचार, माझ्या पणजोबांना नव्हे." एवढे सांगता यावे यासाठी मुलाला स्वतःचे कारण असायला हवे, आणि ते देणे हे शिक्षकाचे काम. विषय बदलून ते होत नाही.

मनोरमाबाईंनी १९१२-१३ च्या सुमारास गुलबर्ग्यात मुलींची शाळा काढली. निजामाच्या राज्यात तेव्हा मुलींच्या शिक्षणाची फारशी सोय नव्हती. ज्या मुलखात त्यांच्या आजीने भाकरीच्या तुकड्यावाचून प्राण सोडला, त्याच्या शेजारीच त्या शिकवायला आल्या.

सुगीच्या सणाला आपल्या मंडळ्यांत ज्वारीची, तुरीची पोती येतात, वेदीपुढे मांडली जातात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. बोली चढते, नावे पुकारली जातात, टाळ्या पडतात, आणि मंडळीचा वर्षाचा खर्च त्यातून निघतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच दिवसांत गावाबाहेर ताडपत्रीखाली ऊसतोडीला निघालेली, वीटभट्टीवर आलेली, कारंजा धरणात जमीन जाऊन भूमिहीन झालेली कुटुंबे असतात. वडीलजनांपुढे मी एक सूचना मांडली आहे. दोन पोती लिलावात न धरता मंदिराच्या मागच्या पडवीत उघडी ठेवावी, मापटे शेजारी असावे आणि दाराला आठवडाभर कडी नसावी. धान्य कोणी नेले हे कसे कळणार, असे एका वडिलांनी विचारले. पुढच्या बैठकीत त्यावर चर्चा आहे.